खर्चुडीच्या फुलातील बंदिवान

कन्नडहून चाळीसगावकडे उतरणाऱ्या घाटाला औट्रम घाट म्हणतात. १८२५ च्या सुमारास खानदेशात भिल्लांची पलटण उभी करणाऱ्या जेम्स औट्रम ह्या इंग्रज अंमलदाराचे नाव ह्या वाटेला चिकटले, ते आजतागायत सुटलेले नाही. घाटाच्या माथ्यावर मराठवाडा, पायथ्याशी खानदेश, आणि दोहोंच्या मध्ये सातमाळ्याची, म्हणजेच अजिंठ्याची डोंगररांग. जवळच पितळखोऱ्याची लेणी, पूर्वेस अजिंठा, दक्षिणेस वेरूळ. अशा ह्या मुलखातून जाणारा प्रवासी मान वर करून कातळ पाहत जातो, हे स्वाभाविकच होय. त्याच्या पायाशी, खडकाच्या भेगेत किंवा एखाद्या काटेरी जाळीच्या आडोशाला काय उगवले आहे, इकडे त्याचे लक्ष क्वचितच जाते.

पावसाळा सरत आला, म्हणजे मराठवाड्यातील अशा खडकाळ, झुडपी रानात एक नाजूक वेल झुडपांच्या आधाराने वर चढलेला आढळतो. त्याची पाने मांसल असतात. कोठे वाटोळी, तर कोठे गवताच्या पात्यासारखी अरुंद. जमिनीखाली चपटा, वाटोळा कंद असतो. खेडोपाडी त्यास बहुधा खर्चुडी म्हणतात. गावागणिक नाव बदलते, आणि एकच नाव दोन-तीन जातींनाही लावले जाते. रानाशी ज्यांचा रोजचा संबंध, त्यांचे तेवढ्याने अडत नाही. अलीकडच्या मराठी पुस्तकांतून ‘कंदीलपुष्प’ असे नाव दिलेले असते. ते मुद्दाम घडविलेले असले तरी समर्पक आहे, कारण हे फूल खरोखरच कंदिलासारखे दिसते. खाली एक लहानसा फुगीर गोळा, त्यावर बारीक नळी, आणि नळीच्या तोंडाशी पाच पाकळ्या अशा उभ्या राहिलेल्या की त्यांची टोके वर एकमेकांस जुळून पाच खिडक्यांचा पिंजरा तयार व्हावा. हे सारे मिळून जेमतेम पाऊण-एक इंच. रंग फिकट हिरवट, टोकांशी जांभळट. देवाला वाहावे, वेणीत माळावे असे ह्या फुलात काही नाही. म्हणूनच गाण्यांत किंवा सणावारांत त्यास स्थान मिळाले नाही. परंतु ह्या इवल्याशा कंदिलाच्या आत जो प्रकार चालतो, तो उलगडण्यास युरोपातील विद्वानांना शंभरावर वर्षे लागली. आणि तो वेल ज्या रानात वाढतो, त्या रानाची वनस्पतींची यादी व्यवस्थित छापली जाण्यास विसाव्या शतकाची अखेर उजाडावी लागली. ह्या दोन्ही हकिकती परस्परांशी जोडलेल्या आहेत.

शास्त्रीय ग्रंथांत ह्या कुळीचे नाव ‘सिरोपेजिया’. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ मेणाचे कारंजे असा होतो. हे नाव स्वीडनच्या लिनियसने दिले. लिनियस हिंदुस्थानात कधीच आला नव्हता. १७५३ साली आपल्या ग्रंथात ह्या कुळीतील एका जातीची नोंद करताना त्याच्यापुढे होते ते ‘हॉर्टुस मलबारिकुस’ ह्या ग्रंथातील चित्र. कोचीनचा डच गव्हर्नर हेंड्रिक व्हान र्‍हेडे याने मलबारातील वनस्पतींचा हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला, आणि तो १६७८ ते १६९३ ह्या काळात आम्स्टरडॅम येथे छापला गेला. मराठी वाचकाला येथे थोडे थांबण्यासारखे आहे. ह्या ग्रंथाच्या कामात मलयाळी वैद्य इट्टी अच्युतन याच्याबरोबर रंगभट, विनायक पंडित आणि आपुभट हे तीन कोंकणी ब्राह्मण वैद्य होते. त्यांनी दिलेले प्रमाणपत्र नागरी लिपीत पहिल्या खंडात छापले आहे, आणि चित्रांवर वनस्पतींची नावे रोमन, मलयाळी व अरबी लिपींच्या जोडीने नागरीतही कोरलेली आहेत. म्हणजे ज्या चित्रांवरून लिनियसने लांब उत्तरेत बसून नामकरण केले, ती चित्रे सिद्ध होत असताना आपल्याकडची लिपी आणि आपल्याकडचे वैद्य तेथे हजर होते. पुढे लॅटिन नावे रूढ झाली, आणि ते वैद्य तळटीपेत गेले.

मराठवाड्यात आढळणाऱ्या खर्चुडीचे शास्त्रीय नाव ‘सिरोपेजिया बल्बोसा’, म्हणजे कंदवाली. हे नाव विल्यम रॉक्सबर्ग ह्या स्कॉटिश डॉक्टराने दिले. तो कंपनी सरकारच्या नोकरीत मद्रास इलाख्यात होता, आणि सामलकोट येथे राहून त्याने देशी चित्रकारांकडून वनस्पतींची शेकडो चित्रे काढवून घेतली. त्यांपैकी निवडक चित्रे लंडनमध्ये १७९५ पासून प्रसिद्ध होऊ लागली. पहिल्याच खंडात सिरोपेजियाच्या चार जाती ओळीने आल्या आहेत, आणि खर्चुडी त्यांत पहिली आहे. रॉक्सबर्गची दृष्टी व्यवहारी होती. लोक हा वेल कच्चा किंवा शिजवून खातात, हेही त्याने टिपून ठेवले. फुलाचा आकार इतका चमत्कारिक का असावा, हा प्रश्न मात्र त्याने घेतलेला दिसत नाही.

पश्चिमेकडे, पुण्याजवळ दापोडी येथे १८२८ साली मुंबई सरकारने एक वनस्पतिउद्यान काढले. तेथील एक प्रमुख डॉक्टर लश यांचे नाव अरुंद पानांच्या खर्चुडीस देण्यात आले. पुढे अभ्यासकांनी हा खर्चुडीचाच एक प्रकार ठरविला; परंतु काही काळ तरी दख्खनच्या एका वेलाने एका डॉक्टराचे नाव मिरविले. लश यांच्यानंतर ह्या बागेवर आलेले अलेक्झांडर गिब्सन १८४७ साली मुंबई इलाख्याचे पहिले जंगलप्रमुख झाले. गिब्सन आणि निकोल डाल्झेल यांचा ‘बॉम्बे फ्लोरा’ १८६१ साली निघाला. त्यानंतर पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेले थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ ह्या काळात मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. महाराष्ट्रातील वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी कुकच्या ग्रंथावाचून पुढे जाऊ शकत नाही, इतके त्याचे महत्त्व आहे.

परंतु ह्या ग्रंथाच्या नावातच एक कुंपण आहे. तो मुंबई इलाख्याचा ग्रंथ. खानदेश इलाख्यात होता, म्हणून औट्रम घाटाचा पायथा ग्रंथात आला; माथ्यावर निजामाचे राज्य सुरू होत असे, म्हणून माथा ग्रंथाबाहेर राहिला. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद हे सारे जिल्हे हैदराबाद संस्थानात होते. पूर्वेच्या व दक्षिणेच्या बाजूने गॅम्बल यांचा मद्रास इलाख्याचा ग्रंथ १९१५ पासून निघू लागला, तोही संस्थानच्या हद्दीपाशी थांबला. कोणी इंग्रज वनस्पतिज्ञ चुकूनमाकून ह्या भागातून गेलाच नसेल असे नव्हे. पण पगार, नेमणूक, छपाईचा खर्च आणि नमुन्यांची कपाटे ह्या गोष्टी राज्याच्या हद्दीप्रमाणे वाटल्या जातात. झाडे हद्द पाळीत नाहीत, परंतु झाडांची पुस्तके पाळतात. एकाच डोंगराच्या उत्तर उतारावरचा वेल छापील नोंदीत यावा आणि दक्षिण पठारावरचा तोच वेल त्यातून सुटावा, ही परिस्थिती अशी निर्माण झाली.

संस्थानात काहीच झाले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९११ साली पार्ट्रिज यांचे निजामाच्या राज्यातील जंगलांवरचे पुस्तक निघाले. परंतु ते जंगलखात्याचे पुस्तक. सागवान कोठे, धावडा कोठे, जळण आणि इमारती लाकूड किती, ही त्या खात्याची निकड. जमिनीवर दोन-तीन महिने दिसून नाहीशा होणाऱ्या वेलांची निकड कोणत्या खात्याला असणार? अजिंठ्यास येणाऱ्यांची गोष्टही अशीच. मद्रास सैन्यातील रॉबर्ट गिल हा अधिकारी १८४४ पासून अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करीत बसला. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला १८६६ साली लागलेल्या आगीत त्यांपैकी पुष्कळशा जळाल्या, तरी तो चिकाटीने पुन्हा कामाला लागला. भिंतीवर हजार-पंधराशे वर्षांपूर्वी रंगविलेल्या फुलांसाठी एवढे कष्ट झाले. लेण्याबाहेरच्या उतारावर दर पावसाळ्यात उमलणाऱ्या फुलांना असा चित्रकार मिळाला नाही. ह्यात गिलचा दोष नाही. मनुष्य ज्या कामासाठी पाठविला जातो, तेच तो पाहतो.

आता फुलाच्या आतील गोष्टीकडे वळावयाचे. तिचा आरंभ खर्चुडीपासून झाला नाही. बर्लिनजवळच्या श्पांडाऊ येथील क्रिस्टियान कोन्राड श्प्रेंगेल नावाच्या शाळामास्तराने १७९३ साली एक पुस्तक छापले. फुलांचे रंग, गंध आणि मध हे माणसाच्या करमणुकीसाठी नसून कीटकांना बोलाविण्यासाठी आहेत, आणि कीटक पराग एका फुलातून दुसऱ्या फुलात नेतात, हे त्यात शेकडो फुले तपासून दाखविले होते. त्यात अॅरिस्टोलोकिया नावाच्या एका वेलाच्या नळीसारख्या फुलाविषयीही लिहिले आहे. त्या नळीत खाली झुकलेले केस असतात. लहान माशी आत शिरू शकते, पण केसांमुळे परतू शकत नाही. आणि पुढे केस कोमेजले म्हणजे सुटते. फूल हा एक तात्पुरता तुरुंग आहे, ही कल्पना त्या काळी विद्वानांना पटली नाही. पुस्तक पडून राहिले, आणि श्प्रेंगेलची शाळेतील जागाही गेली.

दुसरा धागा रॉबर्ट ब्राउन ह्या ब्रिटिश शास्त्रज्ञाचा. तो समजून घेण्यास घरातले उदाहरण पुरे आहे. शनिवारी मारुतीस वाहिलेली रुईची माळ पुष्कळ श्रोत्यांनी पाहिली असेल. रुई ही खर्चुडीची नातलग. रुईच्या फुलाच्या मध्यभागी जो मुकुटासारखा भाग असतो, त्यात इतर फुलांप्रमाणे धुळीसारखे पराग नसतात. पराग मेणासारख्या लहान पिशव्यांत घट्ट बांधलेले असतात; दोन पिशव्यांची जोडी एका सूक्ष्म चिमट्याला लटकलेली असते, आणि हा चिमटा फुलातील एका फटीच्या तोंडाशी बसविलेला असतो. मोठा काळा भुंगा रुईवर बसला, की त्याचा पाय त्या फटीत अडकतो; तो ओढून काढताना चिमट्यासकट पिशव्यांची जोडी बाहेर येते, आणि पुढच्या फुलावर तसाच पाय अडकला म्हणजे पिशवी तेथील फटीत शिरते. वारा असे पराग वाहून नेऊ शकत नाही, आणि धावता स्पर्शही पुरत नाही. नेमक्या मापाचा कीटक नेमक्या जागी अडकावा लागतो. ब्राउनने १८०९ साली ह्या गटाची ही घडण प्रथम नीट उकलली. पुढे १८३१ साली तो ह्याच कुळांतील आणि आमरांच्या फुलांतील गर्भधारणेचा अभ्यास करीत असताना पेशीच्या आत एक गोल ठिपका वारंवार दिसला, आणि त्याने त्यास ‘न्यूक्लियस’ असे नाव दिले. आज शाळेतील प्रत्येक मुलास ठाऊक असलेला पेशीकेंद्रक हा शब्द अशा रीतीने आमरे आणि रुई यांच्या परागांचा शोध घेताना जन्मास आला. श्प्रेंगेलचे विसरलेले पुस्तक वाचण्याचा सल्ला १८४१ साली तरुण डार्विनला ह्याच ब्राउनने दिला, आणि तेथून त्या शाळामास्तराचे दिवस, मरणोत्तर का होईना, पालटले.

हे दोन्ही धागे सिरोपेजियात एकत्र येतात: श्प्रेंगेलचा तुरुंग आणि ब्राउनचा चिमटा. इटलीचा फेडेरिको डेल्पिनो याने १८६० नंतरच्या दशकात दक्षिण हिंदुस्थानातील ‘सिरोपेजिया एलेगन्स’ ह्या जातीची फुले तपासली, तेव्हा त्यांत अगदी लहान माश्या कोंडलेल्या सापडल्या. मूळच्या रानातील माशी नसतानाही परदेशी बागेतील एक माशी सापळ्यात शिरली, ही गोष्ट नोंदण्याजोगी आहे. सापळ्याचा तपशील मात्र जर्मन अभ्यासक श्टेफान फोगेल याने १९६१ साली एका दीर्घ निबंधात मांडला, आणि आज ह्या विषयाची सुरुवात त्याच्यापासूनच करतात.

फोगेलच्या आणि त्याच्यामागून झालेल्या कामावरून जे चित्र दिसते, ते असे. वर जुळलेल्या पाकळ्यांच्या टोकांतून गंध सुटतो. माणसाच्या नाकाला तो पुष्कळदा जाणवतही नाही. पण मिलिमीटर-दोन मिलिमीटर लांबीच्या माशीला तो पुरेसा असतो. ती पिंजऱ्याच्या खिडकीतून आत येते, आणि नळीच्या गुळगुळीत तोंडावर तिचा पाय घसरतो. नळीत खाली वळलेले केस असतात. ते तिला खाली जाऊ देतात, वर येऊ देत नाहीत. अशा रीतीने ती तळच्या फुगीर गोळ्यात पोहोचते. तेथे अंधार असेल अशी कल्पना होते. परंतु पुष्कळ जातींत नळी गडद असते आणि तळाच्या भिंतीचा काही भाग पातळ, अर्धपारदर्शक असतो. माशी उजेडाकडे धावते, आणि उजेड नेमका मधल्या मुकुटाभोवती आहे. तेथे थोडासा मधही असतो. ती सोंड घालते, आणि चिमटा तिच्या सोंडेला बसतो. आता तिच्या तोंडाशी परागांच्या दोन पिशव्या लटकल्या.

कैद साधारण एखाद्या दिवसाची असते. मग नळीतले केस मरगळतात, उभे फूल आडवे होऊ लागते, आणि माशी बाहेर पडते. इतक्या अनुभवानंतर ती शहाणी होईल, आणि दुसऱ्या कंदिलात पुन्हा शिरणार नाही, असे माणसाला वाटते. परंतु वेलाचा सारा संसार ती पुन्हा फसेल ह्यावरच उभा आहे. ती दुसऱ्या फुलात शिरते, सोंडेवरील पिशवी तेथील फटीत अडकते, आणि तेव्हाच बी धरते. फुलाने माशीस मारले असते तर सगळाच डाव फसला असता. म्हणून हा तुरुंग आहे, फाशीघर नव्हे. किडे खाऊन जगणाऱ्या घटपर्णीशी त्याची तुलना करण्याचा मोह काहींना होतो, तो टाळलेला बरा.

माशी फसते कशाने, हा प्रश्न फोगेलनंतरही पुष्कळ वर्षे अर्धवट राहिला होता. त्याचे एक उत्तर २०१६ साली मिळाले. दक्षिण आफ्रिकेतील ‘सिरोपेजिया सँडरसोनी’ ह्या जातीचा गंध अॅन्नेमारी हायडुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासला. कोळ्याने किंवा दुसऱ्या शिकाऱ्याने मधमाशी पकडली, म्हणजे तिच्या अंगातून जे वास सुटतात, त्यांतील कित्येक द्रव्ये ह्या फुलाच्या गंधात निघाली. काही बारीक माश्या अशा मरणाऱ्या मधमाशीच्या अंगातून पाझरणारा रस पिण्यासाठी धावतात. फूल त्यांना मरणाऱ्या मधमाशीचा वास दाखविते आणि बोलाविते. आत मधमाशी नसते. ह्या शोधाचा गवगवा होणे साहजिक होते. परंतु तो वाचून आपल्या खर्चुडीविषयीही तेच खरे मानणे बरोबर नव्हे. जेफ ऑलर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली ह्या कुळीच्या अनेक जातींच्या नोंदी एकत्र मांडल्या, तेव्हा भेट देणाऱ्या बहुतेक माश्याच आहेत, पण त्या निरनिराळ्या घराण्यांतील आहेत, हे स्पष्ट झाले. प्रत्येक जातीचा गंध वेगळा, प्रत्येकीचे गिऱ्हाईक वेगळे. आफ्रिकेतल्या कंदिलाचा जाब सातमाळ्यातल्या कंदिलाकडून घेता येत नाही. तो येथेच विचारावा लागेल.

येथे विचारणारी संस्था उशिरा जन्मली. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले; १९५० साली डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत महाविद्यालय काढले; १९५६ साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, आणि २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. १९९४ साली ह्या विद्यापीठास डॉक्टर आंबेडकरांचे नाव जोडण्यात आले, आणि २०२३ पासून शहर छत्रपती संभाजीनगर ह्या नावाने ओळखले जाते. ह्या विद्यापीठातील वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक व्ही. एन. नाईक यांनी प्रथम उस्मानाबाद जिल्ह्याच्या वनस्पतींचा ग्रंथ १९७९ साली प्रसिद्ध केला, आणि १९९८ साली ‘फ्लोरा ऑफ मराठवाडा’ हा दोन खंडांचा ग्रंथ औरंगाबादेहून निघाला. कुकचे काम पुरे झाले त्यास तोवर नव्वद वर्षे लोटली होती. नव्वद वर्षांत धरणे झाली, रस्ते झाले, माळ नांगराखाली गेले. जी यादी झाली ती उरलेल्या रानाची यादी होती, हे ध्यानात ठेवावयास हवे. तरीही घाटाच्या पायथ्याची नोंद आणि माथ्याची नोंद आता समोरासमोर ठेवता येते, हे ह्या ग्रंथाचे मोठे उपकार आहेत.

तिकडे पुण्यात, भारतीय वनस्पति सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागातील एम. वाय. अन्सारी यांनी सिरोपेजिया ह्या एका कुळीसाठी वर्षानुवर्षे सह्याद्री पालथा घातला, आणि १९८४ साली भारतातील जातींचे वर्णन स्वतंत्र पुस्तिकेत दिले. ह्या कुळीच्या पन्नासाहून अधिक जाती भारतात आहेत, आणि त्यांतील पुष्कळ महाराष्ट्राच्या एखाद्याच डोंगरापुरत्या मर्यादित आहेत. १९८७ ते १९९० च्या दरम्यान दुर्मीळ वनस्पतींचे जे लाल पुस्तक निघाले, त्यात ह्या कुळीची नावे वारंवार येतात. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्राध्यापक एस. आर. यादव यांनी अशा जातींची रोपे वाढवून जपण्याचे काम केले आहे. खर्चुडी ही ह्या घराण्यातली त्या मानाने सुदैवी. ती हिंदुस्थानात पुष्कळ ठिकाणी सापडते. पण सापडते म्हणजे सुरक्षित आहे, असा अर्थ होत नाही. त्याचे कारण तिच्या कंदात आहे.

हा कंद रॉक्सबर्गच्या काळी खात असत, तसा नंतरही रानाशेजारचे लोक खात आले. गुराख्याच्या पोराने दुपारच्या भुकेला एक कंद उकरला, तर त्यात फारसे बिघडत नाही. त्याच्या आजोबानेही तेच केले होते. रानच आक्रसले, आणि उकरणारे हात तेवढेच राहिले, म्हणजे मात्र हिशेब बदलतो. ह्याहून सूक्ष्म धोका असा की, कंदामुळे वेल आपली अडचण झाकून ठेवतो. एक वर्ष बी धरले नाही, दोन वर्षे धरले नाही, तरी पहिल्या पावसाबरोबर जुना कंद पुन्हा फुटतो, वेल चढतो, कंदील लागतात. पाहणाऱ्यास वाटते, सारे यथास्थित आहे. रानातली माशी नाहीशी झाली असेल, तर ती बातमी वेलाकडून कित्येक वर्षे कळावयाची नाही. आणि वनस्पतींच्या मोठाल्या ग्रंथांत पान, फूल, फळ, ठिकाण आणि महिना यांसाठी जागा असते. त्या माशीसाठी रकाना नसतो. कुकच्या ग्रंथात तो नव्हता. कुकनंतरच्या ग्रंथकारांनी तीच पद्धत चालविली.

माशीचा रकाना भरण्यास मोठ्या यंत्रांची गरज नाही. सकाळी फूल खुडावे, तळचा गोळा पात्याने उभा चिरावा, आत सापडलेली माशी मद्यार्कात ठेवावी, आणि तिच्या सोंडेवर पिवळसर पिशव्यांची जोडी आहे की नाही हे भिंगातून पाहावे. पिशवी नसलेली माशी ही केवळ पाहुणी. पिशवी असलेली तेवढी साक्षीदार. एका रानात एका मोसमात वीस-पंचवीस फुलेही पुरेशी होतात, आणि एवढी खुडल्याने कंदाला काही होत नाही. ज्याला फूल चिरणेही नको वाटेल, त्याने दसऱ्यानंतर पुन्हा त्याच वेलापाशी जावे. फळ धरले असेल तर एकाच देठावर बारीक, निमुळत्या शेंगांची जोडी शिंगांसारखी उभी दिसते. ती उकलली म्हणजे रुईच्या म्हातारीसारखे रेशमी केस असलेले बी वाऱ्यावर निघते, आणि वारा वरच्या बाजूचा असला तर घाटाखाली खानदेशात जाते. जेथे अशी जोडी दिसेल, तेथे पावसाळ्यात एक माशी दोनदा फसली होती असे खुशाल समजावे. आणि जेथे वेल फुलांनी भरून गेला होता, पण शेंग एकही नाही, तेथील तारीख आणि जागा लिहून ठेवावी.